शेवटचा बाक नसलेलं विद्यापीठ

सगळ्यात आधी नावाचा घोळ मिटवू, चिऊ, म्हणजे सोसायटीतल्या काकांना एकदाच काय ते सांगता येईल. त्यांचा पुतण्या एमएस करतोय ती युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट डॅलस, म्हणजे यूटीडी. ती रिचर्डसनला, सरकारी, तीस हजारांच्या घरात विद्यार्थी, आणि तिथल्या पार्किंगमध्ये सहज मराठी कानावर पडतं. तू निघालीयेस ती युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस, यूडी. ही आयर्विंगला, खासगी, कॅथलिक, आणि पदवीची सगळी मुलं मिळून दीड हजाराच्या आसपास. पुण्यातल्या कितीतरी शाळांचा पट याहून मोठा असतो. हा घोळ पुढची चार वर्षं होतच राहणार आहे. डॅलसमध्ये जन्म काढलेली माणसंसुद्धा करतात.

मी तिथेच शिकले म्हणून मावशीने 'तिला जरा नीट समजावून सांग' असं माझ्यावर सोपवलंय. मावशीला जे ऐकायचं होतं ते मी तिला फोनवर सांगून टाकलं. उरलेलं तुझ्यासाठी.

या विद्यापीठात शेवटचा बाक नाही. हे एक कळलं की बाकीचं निम्मं आपोआप कळेल. वर्गात पंधरा-वीस जण असतात आणि शिकवायला खुद्द प्रोफेसर. एखादा पीएचडीचा विद्यार्थी त्यांच्या जागी येऊन पाट्या टाकत नाही. तू वाचून आली नाहीस हे दहाव्या मिनिटाला सगळ्यांना कळतं. दोन दिवस जेवायला दिसली नाहीस तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच. आणि तू? तू अकरावी-बारावी क्लासच्या दीडशे पोरांत काढलीस. तिथे न दिसणं ही एक कला होती आणि ती तुला झकास जमायची, मला माहितीये. ती कला विमानतळावरच सोडून ये.

तुझा विषय बायॉलॉजी. पहिल्या सत्राचं वेळापत्रक हातात पडलं की तुझा मेसेज येणार, 'ताई, मला इलियड कशाला?' तर ऐक. तिथल्या पदवीचा साधारण अर्धा भाग कोअरचा असतो आणि कोअर सगळ्यांना सारखा. रसायनशास्त्रवाल्यालाही तोच, बिझनेसवालीलाही तोच. होमर, व्हर्जिल, प्लेटो, ॲरिस्टॉटल, बायबल, दान्ते, शेक्सपिअर, मेलव्हिल, दोस्तोयव्हस्की. वर अमेरिकेचा इतिहास, अर्थशास्त्र, एक परकी भाषा, गणित, प्रयोगशाळा. १९५६ साली हे विद्यापीठ सुरू झालं. १९६२ ते १९७७ या काळात डोनाल्ड काउअन अध्यक्ष होते. ते भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांची बायको लुईज साहित्याची प्राध्यापक. या जोडप्याची छाप अजून तिथल्या अभ्यासक्रमावर आहे. सुरुवातीच्या प्राध्यापकांत हंगेरीतून आलेले सिस्टर्शियन साधूही होते. तिकडे कम्युनिस्ट सरकारने त्यांचे मठ बंद केले, मग ही माणसं थेट टेक्सासच्या माळावर येऊन शिकवू लागली. त्यांचा मठ आजही कॅम्पसला लागून आहे. परीक्षेच्या आठवड्यात तिथल्या दगडी चर्चमध्ये जाऊन नुसती बसलीस तरी कुणी काही म्हणणार नाही.

कोअरचा खरा फायदा माहितीपत्रकात लिहितात तो नाही. तो जेवणाच्या टेबलावर दिसतो. सगळ्यांनी एकाच आठवड्यात तेच पुस्तक वाचलेलं असतं, त्यामुळे बेसबॉल खेळणारा मुलगा आणि तू अकिलीसवरून भांडू शकता. मोठ्या विद्यापीठात तुझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी काय शिकते हे तुला चार वर्षांत कळणारही नाही. इथे तिने काल रात्री कुठल्या पानावर झोप काढली तेही कळतं.

ऑगस्टच्या आधी एक काम कर. आजीच्या कपाटातून इरावतीबाईंचं 'युगांत' काढ आणि वाच. महाकाव्यातल्या माणसांना हात न जोडता त्यांच्याकडे कसं बघायचं, हे त्या पुस्तकाइतकं नीट मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. मग इलियड उघड. अकिलीसचा अपमान होतो आणि तो लढाई सोडून बसतो. तुला लगेच कर्ण आठवेल. भीष्मांनी अर्धरथी म्हटलं म्हणून भीष्म सेनापती असेपर्यंत शस्त्र न उचलणारा. आठवू दे. पण वर्गात 'आमच्याकडेही अगदी असंच आहे' एवढं बोलून गप्प बसलीस तर सगळे गोड हसतील आणि विषय पुढे जाईल. एक पाऊल पुढे टाक. अकिलीस परत येतो तो जिवलग मित्र मेल्यावर. कर्ण परत येतो तो अपमान करणारा शरपंजरी पडल्यावर, आणि येताना त्याच भीष्मांना भेटून येतो. परतण्याची कारणं इतकी वेगळी का? हा झाला तुझा पाच पानांचा पेपर. साम्य कुणालाही दिसतं गं, फरक दाखवायला वाचावं लागतं.

दान्ते आला की हाच मोह पुन्हा होईल. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तेव्हा दान्ते पंचविशीत होता, आणि त्याच वर्षी त्याची बिआत्रिचे गेली. पुढे हद्दपारीत त्याने आपलं मोठं काव्य विद्वानांच्या लॅटिनऐवजी घरच्या तोस्कानात लिहिलं. एक संस्कृत सोडून मराठीत, दुसरा लॅटिन सोडून तोस्कानात, आणि मध्ये जेमतेम वीस-तीस वर्षं. हे सांगताना मला अजून काटा येतो. पण एकाने जुन्या ग्रंथावर टीका लिहिली, दुसऱ्याने स्वतःलाच नायक करून नरकातून फिरवून आणलं. तिथून पुढे तू विचार कर.

आता पेपर कसा लिहायचा. कथा सांगायची नाही. प्रोफेसरांनी ती तीस वेळा वाचलीये. 'थोर', 'अजरामर', 'मानवी मूल्ये' असली विशेषणं आपण निबंधात चुरमुऱ्यांसारखी उधळतो, ती बंद. दहा ओळी निवड आणि त्या दहा ओळींतच काय चाललंय ते दाखव. सिलॅबसवर ज्या भाषांतरकाराचं नाव असेल तेच पुस्तक घे. लॅटिमोर म्हटलंय तर लॅटिमोर, स्वस्तात दुसरं मिळालं म्हणून ते नको, कारण वर्गात सगळे ओळींच्या आकड्यांवर बोलतात. आणि मशीनकडून पेपर लिहून घ्यायचा विचार मनात आला तर एवढं लक्षात ठेव की तिथे तुझा आवाज दुसऱ्या आठवड्यापासून ओळखीचा झालेला असतो. पकडले जाण्यापेक्षा वाईट काय, तर त्याच माणसासमोर पुढची तीन वर्षं जेवणाच्या रांगेत उभं राहायचं.

ऑफिस अवर्सबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण आपली मुलं इथेच सगळ्यात जास्त घालवतात. प्रोफेसर आठवड्यातले ठरलेले तास दार उघडं ठेवून बसतात. आपल्याला सवय अशी की सरांच्या केबिनमध्ये एकतर बोलावणं आलं म्हणून जायचं, नाहीतर सही हवी म्हणून. इथे काहीही बिघडलेलं नसताना जायचं. पहिल्या दोन आठवड्यांतच जा. काय बोलू? 'तुम्ही वर्गात म्हणालात की हेक्टर मूर्ख नाही, पण मला तो मूर्खच वाटतो,' एवढं पुरेसं आहे. पेपर द्यायच्या आठवडाभर आधी एकच परिच्छेद लिहून घेऊन जा. अख्खा पेपर वाचायला देऊ नकोस. गुण कमी पडले तर त्याच दिवशी जाऊ नकोस. दोन दिवस थांब, त्यांचे शेरे वाच, मग पेपर घेऊन जा आणि 'गुण का कापले' असं न विचारता 'इथे मी काय करायला हवं होतं' असं विचार. हाक मारताना सर-मॅडम नाही. 'डॉक्टर' आणि आडनाव; मठातले असतील तर 'फादर'. मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर'ने करू नकोस, शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' तर मुळीच नको.

याचा फायदा चौथ्या वर्षी कळतो. मेडिकलला जा नाहीतर पीएचडीला, शिफारसपत्र लागतंच. पाचशेच्या वर्गातल्या प्रोफेसरांकडे तुझ्याबद्दल लिहायला फक्त तुझे गुण असतात. इथल्यांकडे तुझ्याबद्दल गोष्टी असतात.

बरं, धर्म. मावशीची खरी काळजी तीच आहे आणि ती विचारायला लाजतेय. गंमत म्हणजे ती स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकली. सकाळी 'अवर फादर', संध्याकाळी 'शुभं करोति', दोन्ही तिला अजून तोंडपाठ आहेत. तर, मासला जायची सक्ती नाही. थिऑलॉजीचे कोर्स मात्र सगळ्यांना, त्यातून हिंदू म्हणून सुटका नाही. तिथे श्रद्धा तपासत नाहीत, वाचन तपासतात. बरोबरची पुष्कळ मुलं मनापासून कॅथलिक असतात. काही घरीच शिकलेली, सहा-सात भावंडांतली, शुक्रवारी मांस न खाणारी (लेंटमध्ये कॅफेटेरियात तुझी चंगळ असते). ही मुलं उपवास करतात, नवस बोलतात, गळ्यात देवाचं पदक घालतात. तुला अमेरिकेत इतरत्र कुठे वाटणार नाही इतकं घरच्यासारखं वाटेल. मासला उत्सुकता म्हणून गेलीस तर उत्तमच, फक्त कम्युनियनच्या वेळी जागेवर बसून राहा. तो आपल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही. रांगेत उभी राहून हात पुढे करू नकोस.

प्रश्न विचारतील. पुनर्जन्माबद्दल, जातीबद्दल, गायीबद्दल. बहुतेक वेळा कुजकेपणाने नाही, खरोखर माहीत नसतं म्हणून. तू हिंदू धर्माची राजदूत नाहीस. 'मला माहीत नाही, वाचून सांगते' हे पूर्ण उत्तर आहे. पण एक वाक्य मात्र मी तुला बोलू देणार नाही: 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.' ऐकायला उदार वाटतं, असतं आळशी. समोरची मुलगी ज्या गोष्टीवर आयुष्य बेतायला निघालीये ती तू न वाचताच आपल्या पिशवीत टाकून मोकळी होतेस. थिऑलॉजीच्या पेपरात तर हे लिहूच नकोस.

आणि त्या पेपराला विषय हवा असेल तर तुझ्याकडे एक असा आहे की वर्गात तो दुसऱ्या कुणाकडे नसेल. फादर स्टीफन्स. इंग्लंडातून गोव्यात साष्टीला आलेला जेझुइट, आणि १६१६ साली मराठी ओव्यांत छापलेलं त्याचं ख्रिस्तपुराण. जुना आणि नवा करार आपल्या पुराणांच्या घाटात. बाकीच्यांना भाषांतरावर भागवावं लागेल, तू मूळ वाचू शकतेस. हंगेरीचे साधू टेक्सासला येऊन शिकवू शकतात, इंग्लंडचा साधू साष्टीत ओव्या रचू शकतो, मग पुण्याच्या मुलीने आयर्विंगला बसून त्यावर लिहिलं तर बिघडलं कुठे?

रोमबद्दल तुला आधीच कळलेलं दिसतंय, कारण तुझ्या स्टेटसवर कोलोसियम आहे. १९७० पासून यूडीची मुलं एक सत्र रोममध्ये काढतात, बहुतेक दुसऱ्या वर्षी. १९९४ पासून शहराबाहेर दुए सांती नावाच्या जागी त्यांचं स्वतःचं कॅम्पस आहे, द्राक्षमळ्याला लागून. वर्गातली बहुतेक मुलं जातात. तूही जा. पण तुझ्या मैत्रिणी अमेरिकन पासपोर्टवर जाणार आणि तू भारतीय. इटलीचा व्हिसा, एफ-१ चा शिक्का परतीपर्यंत चालू आहे का, आय-२० वर प्रवासाची सही, हे सगळं तुलाच बघायचंय आणि महिनोन्‌महिने आधी. दुसरी अडचण बायॉलॉजीची. सेंद्रिय रसायनशास्त्र आणि त्याच्या प्रयोगशाळा नेमक्या त्याच वर्षाच्या आसपास येतात. म्हणून पहिल्या महिन्यातच ॲडव्हायझरसमोर चार वर्षांचा कागद मांडून बस आणि कुठलं सत्र रोमला मोकळं ठेवायचं ते ठरवून घे. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्या विज्ञानवाल्यांचंच रोम हुकतं. तिथे गेल्यावर दर शनिवार-रविवारी नवीन देश गाठायची शर्यत लागते. दोन वेळा लाव ती शर्यत, हौस फिटू दे; बाकीचे शनिवार रोममध्येच पायी फिर. ज्या चर्चबद्दल मंगळवारी वर्गात बोललात त्यात बुधवारी जाऊन उभं राहायचं, ही चैन पुन्हा मिळत नाही.

पैशाचं थोडक्यात. जाहीर फीचा आकडा बघून मावसाजींना घाम फुटला असेल. खासगी विद्यापीठांत तो आकडा बहुतेक जण पूर्ण भरत नाहीत, तुझ्या पत्रातली स्कॉलरशिप वजा करून उरतं ते खरं. ती टिकवायला जीपीए किती लागतो ते आत्ताच वाचून ठेव. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं, बाहेर नाही. कॅम्पसबाहेर कुणी 'रोख देतो' म्हणालं तर ते आपलं दुकान असलं तरी नाही म्हण.

आई-बाबांचंही एक सांगते. अमेरिकेच्या कायद्याने कॉलेजातल्या मुलांचे गुण त्यांच्या लेखी संमतीशिवाय आई-बापांनाही सांगत नाहीत. मावशीने कॉलेजला फोन केला तरी तिला गोड आवाजात नकार मिळेल आणि तिला तो अपमान वाटेल. तेव्हा तूच सांगत जा, पडलेले गुणसुद्धा. कॅम्पसवर लपायला जागा नाही म्हणून आईपासून लपायला लागलीस तर काय उपयोग?

तिला आनंदाच्या गोष्टीही सांग. पहिल्या वर्षी मुलींचं डॉर्म वेगळं. बिझनेस कॉलेजला सतीश आणि यास्मिन गुप्ता यांचं नाव आहे, म्हणजे आपलं माणूस पाटीवर आहे. आयर्विंगमध्येच एकता मंदिर आहे, गांधीजींचा पुतळा आहे, आणि कॅम्पसच्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे जिथून गाडी थेट विमानतळावर जाते. शेवटच्या वर्षात पोरींच्या बोटांत साखरपुड्याच्या अंगठ्या दिसायला लागतात हे मात्र सांगू नकोस; उगाच तिच्या आशा पल्लवित होतील. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अख्खं कॅम्पस ग्राउंडहॉग नावाच्या एका गलेलठ्ठ, उंदराच्या जातकुळीतल्या प्राण्याचा सण साजरा करतं हेही नको. काउअनसाहेबांनी एक सुट्टी देऊन दिवस मुलांना निवडायला सांगितला आणि मुलांनी हा निवडला, अशी त्याची कथा. बिअर बरीच असते. तू जा, गाणी ऐक, वेळेत परत ये.

छोट्या जागेचा त्रासही आहे. तुझं कुणाशी बिनसलं की ते माणूस रोज दिसतं: वर्गात, कॅफेटेरियात, कॅप बारच्या कॉफीच्या रांगेत. मंगळवारी बोललेलं गुरुवारी फिरून तुझ्याकडे येतं, थोडी भर पडून. ग्रुप बदलून पळून जायला दुसरा ग्रुपच नसतो. तेव्हा भांडण झालं तर त्याच आठवड्यात, समोरासमोर मिटव. रूममेटशी पहिल्याच आठवड्यात दिवा कधी बंद करायचा आणि फोनवर मोठ्याने कधी बोलायचं नाही हे ठरवून टाक. आपण मराठीत बोलतो तेव्हा भांडत असल्यासारखे ऐकू येतो, बिचारी घाबरेल.

आणि आता ज्याचा तुला राग येईल ते. आमचं घर तुझ्या डॉर्मपासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. आईने तुझ्यासाठी खोली लावून ठेवलीये, पिठलं-भाताचे बेत ठरलेत. पण हे घरच तुझा शेवटचा बाक होणार आहे, आणि मी तो होऊ देणार नाही. शनिवार-रविवार कॅम्पसवर जे घडतं, अर्ध्या ओळखी, रात्री दोनला होणारे वाद, कुणाच्या तरी गाडीतून उगाच मारलेली चक्कर, ते तू आमच्या सोफ्यावर बसून घालवशील. पहिलं सत्र अर्धं होईपर्यंत यायचं नाही. आईशी मी बोलते. गणपतीला मात्र ये, आणि एकटी येऊ नकोस. रूममेटला आण, तो बेसबॉलवाला येत असेल तर त्यालाही. फक्त किती जण ते चार दिवस आधी कळव, मोदकांची उकड ऐनवेळी वाढवता येत नाही.